दख्खनच्या खेड्यातील दैनंदिन जीवन : हिशेब, ओवी आणि मिनिटे

प्रस्तावना

महाविद्यालयीन पातळीवरील लघुशोध प्रकल्पांत आणि प्रबंधिकांत 'जीवनमान', 'समाधान', 'मानसिक स्वास्थ्य' यांसारखे विषय सातत्याने हाताळले जातात. अभ्यासाचे साधन बहुधा ठरलेले असते : पाच पर्यायांची मापनश्रेणी, शंभर-दोनशे प्रतिसादक आणि अखेरीस टक्केवारीचे कोष्टक. प्रतिसादक पहाटे केव्हा उठतो, पाणी कोठून आणतो, दिवसाचे किती तास कोणासाठी राबतो, याची नोंद होण्यापूर्वीच त्याला तो समाधानी आहे काय, असा प्रश्न केला जातो. दैनंदिन जीवनाच्या संशोधनापुढील मूलभूत प्रश्न त्यामुळे दुर्लक्षित राहतो. कोणत्याही अभ्यासात अगोदर एक एकक निवडावे लागते : कुटुंब, गाव, व्यक्ती, गीत किंवा वेळ. त्या एककात जे सामावत नाही ते निष्कर्षातही येत नाही. प्रस्तुत लेखात दख्खनच्या ग्रामीण जीवनाशी संबंधित तीन अभ्यासपद्धतींची या दृष्टीने चिकित्सा केली आहे. हॅरॉल्ड मॅन यांची गावपाहणी, गी पॉइटविन व हेमा राईरकर यांचा जात्यावरील ओव्यांचा संग्रह आणि भारत सरकारचे कालविनियोग सर्वेक्षण या त्या तीन पद्धती होत.

कुटुंबाचा हिशेब

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह केलेला पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर एन. व्ही. कानिटकर यांच्यासमवेत केलेला जातेगाव बुद्रुकचा अभ्यास १९२१ साली आला. मॅन मूळचे रसायनशास्त्रज्ञ. परंतु भारतातील ही कामगिरी हाती घेण्यापूर्वी त्यांनी इंग्लंडमधील रिजमाउंट या खेड्याची पाहणी केली होती. सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहरातील दारिद्र्याचा जो अभ्यास १९०१ साली प्रसिद्ध केला, त्याची पद्धती मॅन यांनी खेड्यास लागू केली आणि पुढे तीच दृष्टी दख्खनमध्ये आणली. पुणे शहरातील अस्पृश्य वर्गांच्या जीवनमानावरही त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला होता.

पिंपळे सौदागरच्या अभ्यासाचे बळ त्याच्या काटेकोर मोजणीत आहे. माती, विहिरी, पिके, जनावरे, कर्ज यांचा गाववार हिशेब तेथे मांडलेला आहे. १७७१ साली सरासरी ४० एकर असलेले धारणक्षेत्र १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले होते. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विभागली गेली होती. त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहून लहान होते आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान. जमिनीच्या तुकडेकरणाविषयीच्या पुढील चर्चेत हे आकडे वारंवार उद्धृत झाले, ते यथायोग्यच होते.

याहून महत्त्वाचे ठरले ते कुटुंबांचे वर्गीकरण. १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबे जमिनीच्या आधारावर सुस्थितीत होती. २८ कुटुंबे बाहेरच्या मिळकतीची जोड देऊन तग धरून होती. उरलेली ६७, म्हणजे ६५ टक्के कुटुंबे, आर्थिकदृष्ट्या डळमळीत होती. शहरापासून दूर असलेल्या जिरायती जातेगाव बुद्रुकमध्ये हे प्रमाण ८५ टक्क्यांवर गेले. शेतकऱ्याचे दारिद्र्य हे त्याच्या आळसाचे वा उधळेपणाचे फळ असल्याचे मत त्या काळी राज्यकर्त्यांत रूढ होते. त्या मतापुढे हा जमाखर्च ठेवणे ही केवळ विद्वत्तेची गोष्ट नव्हती.

तथापि या अभ्यासाचे एकक 'कुटुंब' हे आहे आणि त्याची मर्यादाही तेथेच सुरू होते. कुटुंबाचे उत्पन्न एकत्र मांडले की ते एकत्रच खर्च होते, असे गृहीत धरावे लागते. घरात कोण शेवटी जेवतो, कर्जाच्या वर्षात कोणाच्या ताटातील भाकरी कमी होते, धान्य घरी आल्यावर त्याचे पीठ कोण करतो, हे प्रश्न अशा जमाखर्चात उद्भवतच नाहीत. धान्य शेतातून घरात आले की हिशेब पुरा होतो. वास्तविक स्त्रीचे अर्धे काम तेथून पुढे सुरू होते. १९६० साली दिस्कळकर यांची पिंपळे सौदागरची फेरपाहणी प्रसिद्ध झाली. पुढे पिंपरी-चिंचवडच्या विस्तारात ते गाव शहरी वस्तीत विलीन झाले. ज्या गावाचा प्रत्येक तुकडा मोजला गेला होता, तेथील स्त्रियांचा दिवस मात्र आर्थिक नोंदींच्या आधारे आज पुन्हा उभा करता येत नाही.

जात्यावरची साक्ष

ही उणीव भरून काढणारी सामग्री अर्थशास्त्राच्या बाहेर होती. पुण्यातील गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून मावळ, मुळशी व महाराष्ट्राच्या अन्य भागांतील जात्यावरच्या ओव्या संकलित करण्याचे कार्य आरंभिले. एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. बर्नार्ड बेल यांनी त्यांच्या ध्वनिमुद्रणास व संगणकीय नोंदीस साहाय्य केले. पॉइटविन २००४ साली आणि राईरकर २०१० साली निवर्तल्या, तरी हा संग्रह पुढे 'पारी' या संस्थेमार्फत वाचकांपर्यंत पोहोचत राहिला.

या कार्याचे पद्धतीशास्त्रीय वैशिष्ट्य दुहेरी आहे. एक म्हणजे संकलनात गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रिया सहभागी होत्या. त्यामुळे अभ्यासविषय आणि अभ्यासक यांतील अंतर घटले. दुसरे, ओवीबरोबर ती गाणारीचे नाव व गाव यांचीही नोंद झाली. लोकसाहित्याच्या जुन्या संग्रहांत ओवी बहुधा निनावी असे. येथे ती एका बाईची साक्ष ठरते. माहेरची ओढ, भावाची वाट पाहणे, सासरचा जाच, लेकीच्या जन्माविषयीचे दुःख, सीतेचा वनवास, पंढरीची वाट आणि बाबासाहेब आंबेडकरांविषयीचा अभिमान हे सारे विषय त्यांत आहेत. मॅन यांच्या कोष्टकांत दिसू न शकणारे घराचे अंतरंग येथे बोलते.

परंतु ओवीलाही पुरावा म्हणून मर्यादा आहेत आणि त्यांकडे भावुकतेपोटी डोळेझाक होणे योग्य नाही. ओवी परंपरेने घडवलेली असते. सासुरवासाची ओवी गाणारी प्रत्येक स्त्री तो भोगतेच असे नाही. आणि जी भोगते तिला त्याविषयी ओवी सुचतेच असेही नाही. ज्या दुःखाला परंपरेने शब्द दिले तेवढेच गळ्यातून उमटते. शिवाय संकलन सुरू झाले तेव्हा पिठाच्या गिरण्या गावोगाव पोहोचल्या होत्या. परिणामी पुष्कळ ओव्या दळणाच्या श्रमातून वेगळ्या होऊन स्मरणातून गायिल्या गेल्या. विषयवार वर्गीकरणात एका पहाटेच्या दळणातील ओव्यांचा मूळ क्रमही टिकणे कठीण असते. दळताना एका विषयावरून दुसऱ्या विषयाकडे जाणाऱ्या मनाचा तो ओघ स्वतःच एक अनुभव होता. आणि ओवी दुःखाचे स्वरूप सांगते, त्याचे प्रमाण सांगत नाही. धोरण आखणाऱ्यास 'किती' हा प्रश्न टाळता येत नाही.

मिनिटांची नोंद

'किती' या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न कालविनियोग सर्वेक्षणाने केला. १९९८-९९ मध्ये झालेली प्रायोगिक पाहणी हरियाणा, मध्य प्रदेश, गुजरात, ओरिसा, तमिळनाडू व मेघालय या सहा राज्यांपुरती होती. महाराष्ट्राचा त्यांत समावेश नव्हता. पहिले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली झाले आणि दुसरे २०२४ साली. २०१९ च्या पाहणीनुसार सहा वर्षांवरील ८१.२ टक्के स्त्रिया घरातील विनामोबदला कामात सहभागी होत्या आणि त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या. पुरुषांत हा सहभाग २६.१ टक्के आणि सहभागी पुरुषांचा वेळ ९७ मिनिटे होता. जनगणनेत वा प्रश्नावलीत 'व्यवसाय' या रकान्यापुढे 'गृहिणी' असे लिहून जे काम संपवले जात असे, त्याला प्रथमच देशव्यापी परिमाण लाभले.

या सर्वेक्षणातील दिवस पहाटे ४ वाजता सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ४ वाजता संपतो. दिवसाची विभागणी अर्ध्या-अर्ध्या तासात केलेली आहे. जात्यावर बसणाऱ्या स्त्रीचा दिवस साधारण त्याच वेळी उजाडत असे, हा योगायोग लक्षणीय आहे. मात्र तिच्या कामाची घडण अर्ध्या तासाच्या चौकटीत मावणारी नाही. दळण, मांडीवरचे मूल, चुलीवरचे आधण आणि गाणे ही कामे एकामागून एक येत नाहीत, ती एकात एक गुंतलेली असतात. एका कामास वेळ दिला की दुसरे कमी मोजले जाते. तसेच चोवीस तासांच्या नोंदीत सुगीचा दिवस आणि दुष्काळातील पाण्याच्या फेऱ्यांचा दिवस यांचा भेद सरासरीत बुडतो. २९९ मिनिटे हा आकडा श्रमाची लांबी दाखवतो. ते श्रम स्वेच्छेचे की धाकाचे, हे त्यातून कळत नाही.

समारोप

तिन्ही पद्धतींचा एकत्रित विचार करता असे दिसते की, मॅन यांच्या हिशेबातून घराची ऐपत समजते, ओवीतून घरातील माणसाचा अनुभव समजतो आणि कालविनियोगातून श्रमाचे प्रमाण समजते. यांपैकी कोणतीही एक पद्धती दुसरीची जागा घेऊ शकत नाही. परंतु तिन्हींत एक समान शिस्त आहे. त्यांनी माणसाच्या स्थितीविषयी निर्णय देण्यापूर्वी त्याच्या आयुष्यातील काहीतरी प्रत्यक्ष पाहिले, ऐकले वा मोजले. मॅन यांनी जमिनीचे तुकडे मोजले, पॉइटविन-राईरकरांनी आवाज नोंदवला, सर्वेक्षकांनी कालचा दिवस विचारला.

महाविद्यालयीन संशोधनात आज नेमकी ही पायरी वगळली जाते. अन्य समाजासाठी रचलेल्या मापनश्रेणीचे भाषांतर करून 'आपण आपल्या जीवनाविषयी समाधानी आहात काय?' असे विचारले असता, पाहुण्यासमोर घरचे गाऱ्हाणे न मांडण्याच्या संस्कारातून 'होय' हे उत्तर सहज येते. ते उत्तर टक्केवारीत रूपांतरित झाले की ज्या घरात पाण्यासाठी रोज दोन तास खर्ची पडतात ते घरही 'समाधानी' ठरते. अशा निष्कर्षाने कोणाचेही अहित होत नाही असे मानणे चुकीचे आहे, कारण योजना आखणाऱ्याला आणि निधी नाकारणाऱ्याला तोच निष्कर्ष आधार देतो.

महाविद्यालयाजवळ मोठा निधी वा यंत्रणा नसते. मात्र त्याचे विद्यार्थी ज्या गावांतून येतात तीच अभ्यासाची गावे असू शकतात, हे सामर्थ्य मोठ्या संस्थांजवळही नाही. मापनश्रेणी भरून घेण्यापूर्वी प्रतिसादकाच्या एका दिवसाची सविस्तर नोंद करणे, उत्तर घरातील कोणी दिले व त्या वेळी शेजारी कोण बसले होते हे लिहून ठेवणे, ऋतू बदलल्यावर पुन्हा जाणे आणि काढलेले निष्कर्ष त्याच घरात वाचून दाखवणे, एवढ्या गोष्टी कोणत्याही विभागाला शक्य आहेत. त्या घरातील स्त्रीला अहवालात स्वतःचा दिवस ओळखता येत नसेल, तर कोष्टके कितीही बिनचूक असली तरी तो अभ्यास अपुराच मानावा लागेल.