दूरचित्रवाणी मालिकांतील सामाजिक प्रश्न आणि वास्तवाचा आभास : मराठी मालिका व झाडीपट्टीतील प्रेक्षक

सारांश : मराठी दूरचित्रवाणी मालिकांनी १९९९ नंतरच्या काळात घटस्फोट, विधवेचा पुनर्विवाह, वर्णभेद यांसारखे अनेक सामाजिक प्रश्न हाताळले आणि २०१६ पासून ग्रामीण परिसर व बोलीही पडद्यावर आणल्या. तथापि प्रश्नाचे कारण व्यक्तीच्या स्वभावात शोधण्याची त्यांची पद्धत बदलली नाही. प्रस्तुत लेखात या पद्धतीची चिकित्सा पूर्व विदर्भातील प्रेक्षकाच्या संदर्भात केली आहे.

बीजसंज्ञा : दैनंदिन मालिका, सामाजिक प्रश्न, वास्तववाद, झाडीबोली, झाडीपट्टी रंगभूमी.

प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध हे गाव तलाव आणि जंगल यांसाठी महाराष्ट्राला परिचित आहे. हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. १९७५ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. धानाची शेती, तलावातील मासेमारी, मोहफूल आणि तेंदूपत्ता यांवर या परिसरातील असंख्य कुटुंबांचे वर्ष अवलंबून असते. दिवसभर बांधीत वाकून रोवणी करणारी स्त्री संध्याकाळी दूरचित्रवाणी संचासमोर बसते, तेव्हा तिला दाखवले जाणारे 'सामाजिक वास्तव' नेमके कोणाचे असते, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

मालिका म्हणजे निव्वळ करमणूक, असे म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही. आठवड्यातून सहा दिवस, वर्षानुवर्षे घरात येणारी कथा अन्याय कशाला म्हणावे आणि त्यावर कोणता उपाय शक्य आहे, याविषयीची समज घडवीत असते. ज्या गावात ग्रंथालय किंवा नाट्यगृह सहज उपलब्ध नाही, तेथे हा प्रभाव अधिक गांभीर्याने तपासणे आवश्यक ठरते.

प्रबोधनाकडून दैनंदिन मालिकेकडे

भारतीय दूरचित्रवाणी मालिकेचा आरंभच सामाजिक हेतूने झाला. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर सुरू झालेली 'हम लोग' ही मालिका मेक्सिकोतील मिगेल साबिदो यांच्या प्रबोधनपर मालिकांच्या धर्तीवर योजली होती. मनोहर श्याम जोशी यांच्या लेखनातून निम्नमध्यमवर्गीय कुटुंबाची कथा उलगडत असे आणि भागाच्या शेवटी अभिनेते अशोककुमार प्रेक्षकांशी संवाद साधत. १९८५ मधील 'रजनी' या मालिकेत प्रिया तेंडुलकर यांनी रंगवलेली गृहिणी ग्राहकाच्या हक्कासाठी घराबाहेर पडून यंत्रणेला जाब विचारीत असे. या मालिकांचा सूर उपदेशाचा होता, हे मान्य करावे लागेल. परंतु प्रश्न घराबाहेर आहे आणि त्याचे उत्तरही तेथेच मागावे लागेल, ही जाणीव त्यांत होती.

१९९९ मध्ये अल्फा मराठी ही खासगी वाहिनी सुरू झाली आणि 'आभाळमाया'ने मराठी दैनंदिन मालिकेचा पाया घातला. सुकन्या कुलकर्णी यांनी साकारलेली प्राध्यापक सुधा जोशी ही शिकलेली, नोकरी करणारी, पतीच्या वर्तनाने दुखावलेली तरीही स्वाभिमानाने उभी राहणारी स्त्री होती. मध्यमवर्गीय स्त्रीच्या मनोव्यापाराचे असे संयत चित्रण हे या मालिकेचे श्रेय होय. मात्र याच टप्प्यावर मालिकेचा सामाजिक अवकाश दिवाणखान्यापुरता मर्यादित होण्यास प्रारंभ झाला. पुढे 'चार दिवस सासूचे'सारख्या दीर्घकाळ चाललेल्या मालिकांनी तो आणखी आवळला.

प्रश्नाचे घरगुतीकरण

२०१६ ते २०२१ या काळात झी मराठीवर प्रसारित झालेली 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका या संदर्भात महत्त्वाची आहे. तिची नायिका राधिका सुभेदार ही नागपूरकडची. महानगरात राहणाऱ्या तिच्या पतीला, गुरुनाथला, तिचे बोलणे व राहणीमान गावंढळ वाटते आणि तो शनायाकडे आकृष्ट होतो. विवाहबाह्य संबंध, परित्यक्तेची अवहेलना आणि विदर्भातील स्त्रीकडे पाहण्याची महानगरी दृष्टी असे तीन प्रश्न या बीजात एकवटले आहेत. परंतु कथानक जसजसे लांबते तसतसे हे प्रश्न मागे पडून डावपेचांना महत्त्व येते. राधिका मसाल्याच्या व्यवसायातून मोठी उद्योजिका होते. तिचे यश प्रेक्षकाला सुखावते. पण भांडवल, कर्ज, बाजारपेठ, कामगार यांचा जो वास्तविक अडथळा कोणत्याही महिला बचत गटाच्या सदस्येला अनुभवास येतो, तो तिच्या वाटेत क्वचितच उभा राहतो. गुणी स्त्रीला कष्टाचे फळ मिळते, हा नीतिकथेचा नियम येथे अर्थव्यवहाराची जागा घेतो.

स्टार प्रवाह वाहिनीवरील 'आई कुठे काय करते' (२०१९-२०२४) या मालिकेने गृहिणीच्या अदृश्य श्रमांना केंद्रस्थानी आणले. अरुंधतीचा घटस्फोट आणि पुढील पुनर्विवाह हे विषय घराघरांत चर्चिले गेले. 'अग्गंबाई सासूबाई'ने (२०१९-२०२१) प्रौढ विधवेच्या विवाहाला सहानुभूती मिळवून दिली. या यशाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि दोन्ही कथांत आर्थिक असुरक्षितता ही निर्णायक अडचण ठरत नाही. घटस्फोटानंतर राहायचे कोठे, पोटगी मिळेपर्यंत खायचे काय, तालुक्याच्या न्यायालयात प्रत्येक तारखेला जाण्यासाठी मजुरी किती दिवस बुडवायची, हे प्रश्न धानपट्ट्यातील स्त्रीसाठी पहिले असतात. मालिकेत ते दुय्यम राहतात किंवा उपस्थितच होत नाहीत.

'रंग माझा वेगळा' (२०१९-२०२३) या मालिकेतील विसंगती याहून ठळक आहे. सावळ्या वर्णामुळे होणाऱ्या अवहेलनेवर आधारलेल्या या कथेत दीपाची भूमिका करणाऱ्या रेश्मा शिंदे यांना रंगभूषेने सावळे दाखवण्यात आले. सावळ्या मुलीच्या बाजूने बोलणारी मालिका सावळ्या अभिनेत्रीला मुख्य भूमिका देत नाही, तेव्हा ती ज्या पूर्वग्रहाचा निषेध करते त्याच पूर्वग्रहाचा निवडीच्या पातळीवर स्वीकार करते. अभिनेत्रीच्या अभिनयगुणांशी या आक्षेपाचा संबंध नाही. तो निर्मितीच्या धोरणाविषयी आहे.

या मर्यादांचे एक कारण माध्यमाच्या रचनेत आहे. आठवड्याला सहा भाग या गतीने वर्षाला तीनशेहून अधिक भाग तयार करावे लागतात. दर आठवड्याला येणारे टीआरपीचे आकडे कथेची दिशा ठरवतात. प्रश्न सुटला तर कथा संपते. म्हणून तो सुटू द्यायचा नसतो. आणि सामाजिक कारण दैनंदिन नाट्यासाठी पुरेसे रंजक नसल्याने त्याच्या जागी खलव्यक्ती उभी केली जाते. हुंडा, व्यसन, संशय ही मग एका दुष्ट माणसाची लक्षणे होतात आणि त्या माणसाला शिक्षा झाली की प्रश्नही मिटल्याचा आभास निर्माण होतो.

बोली, स्थळ आणि वास्तवाचा आभास

ऑक्टोबर २०१५ पासून बार्क या संस्थेने ग्रामीण भागातील प्रेक्षकांचीही मोजणी सुरू केली. त्यापूर्वी ग्रामीण प्रेक्षक मालिका पाहत होता, पण तो मोजला जात नव्हता. त्यानंतरच्या काळात मराठी मालिका शहराबाहेर पडताना दिसतात. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले'तून कोकणातील वाडा व मालवणी बोली, 'तुझ्यात जीव रंगला'तून कोल्हापूरचा कुस्तीचा आखाडा आणि २०१७ मध्ये 'लागिरं झालं जी'तून साताऱ्याकडचे सैनिकी गाव पडद्यावर आले. प्रमाणभाषेच्या एकाधिकाराला यामुळे छेद गेला, ही स्वागतार्ह बाब होय.

परंतु या विस्तारात पूर्व विदर्भाला मिळालेले स्थान अत्यल्प आहे. राधिकेच्या तोंडी असलेली नागपुरी बोली नायिकेची बोली म्हणून प्रतिष्ठित झाली, हे महत्त्वाचे पाऊल होते. एरवी वैदर्भी बोली बहुतांशी विनोदासाठीच योजली जाते. शिवाय पडद्यावर ज्याला सरसकट 'विदर्भाची भाषा' म्हटले जाते, तीत वऱ्हाडी, नागपुरी आणि झाडीबोली यांतील भेद पुसला जातो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील झाडीबोलीचे स्वतंत्र अस्तित्व मांडले आहे. 'पाणी'ला 'पानी' म्हणणारा, 'ण'ऐवजी 'न' उच्चारणारा येथील माणूस पडद्यावर आढळला, तर तो बहुधा हसण्याचा विषय असतो.

त्याहून मूलभूत मुद्दा असा की, बोली आणि स्थळ खरे असले म्हणजे कथा वास्तववादी होते, असे नाही. अंगण शेणाने सारवलेले आहे, नायिकेच्या डोक्यावर पदर आहे, पण शेतीचा हंगाम, कर्ज, धानाचा भाव, वन्यप्राण्यांकडून होणारी नासाडी, मजुरीसाठीचे स्थलांतर यांपैकी कशानेही कथानकाला वळण मिळत नसेल, तर ते गाव पार्श्वभूमीचा पडदा ठरते. मराठी चित्रपटाने या दिशेने काही प्रयत्न केले. सतीश मनवर दिग्दर्शित 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) मध्ये विदर्भातील शेतकऱ्याच्या घरातील भीतीचे मूळ पावसात आणि कर्जात आहे. दैनंदिन मालिकेने हे मूळ क्वचितच शोधले.

जात : भूतकाळात ठेवलेला प्रश्न

जातीच्या संदर्भात हा संकोच विशेष जाणवतो. वर्तमानकाळात घडणाऱ्या कौटुंबिक मालिकांत पात्रांची आडनावे बहुधा उच्चवर्णीय वा प्रतिष्ठित घराण्यांची असतात; जातीचा उच्चार मात्र टाळला जातो. विवाहातील अडसर म्हणून गरीब-श्रीमंत हा भेद पुढे केला जातो. जात उघडपणे येते ती चरित्रपर मालिकांत. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' (२०१९-२०२०) आणि 'सावित्रीजोती' (२०२०) या मालिकांनी तो इतिहास घराघरांत नेला. यांपैकी 'सावित्रीजोती' अल्प प्रेक्षकसंख्येमुळे २०२० च्या अखेरीस थांबवण्यात आली. जात हा जणू संपलेल्या काळाचा विषय आहे, असा संकेत या विभागणीतून मिळतो. पाहणाऱ्याचा दैनंदिन अनुभव त्याच्या नेमका उलट असू शकतो.

झाडीपट्टी रंगभूमीची तुलना

या परिसराला कथात्म मनोरंजनाची स्वतःची परंपरा आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत, धान घरी आल्यानंतर, मंडई व शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके होतात. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे या नाट्यव्यवसायाचे केंद्र आहे. ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला, तेव्हा या रंगभूमीची दखल राष्ट्रीय पातळीवर घेतली गेली.

झाडीपट्टीचे नाटक वास्तववादी शैलीचे नसते. अभिनय भडक, संवाद चढ्या सुरातले, करुण प्रसंगानंतर लगेच गाणे व विनोद, असा त्याचा घाट असतो. खलनायक तेथेही असतो आणि स्त्रीच्या सोशिकपणाचा गौरव तेथेही होतो. म्हणून या रंगभूमीला आदर्श मानून मालिकेला दोष देणे अयोग्य ठरेल. परंतु दारू, जमिनीचा वाद, अंधश्रद्धा, शेतकऱ्याची विवंचना या विषयांवरील नाटक जेव्हा धानाच्या कापलेल्या बांधीत उभारलेल्या मंडपात होते, तेव्हा प्रेक्षक त्याच प्रश्नासह समोर बसलेला असतो. दाद, हुंकार किंवा नापसंती तो तत्क्षणी व्यक्त करतो. मालिकेचा प्रेक्षक मात्र आकड्याच्या रूपानेच निर्मात्यापर्यंत पोहोचतो. यावरून असे दिसते की अतिनाट्य आणि वास्तव यांत अटळ विरोध नाही. कथेतील दुःखाचे कारण प्रेक्षकाला आपल्या जगण्यात ओळखता येते की नाही, हा खरा निकष आहे.

उपायाच्या बाबतीत तर प्रदेशाचा अनुभव मालिकेपेक्षा वेगळा आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली, ती दीर्घ लोकचळवळीनंतर. मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो ग्रामसभेच्या एकजुटीतून. या निर्णयांच्या परिणामांविषयी मतभेद असू शकतात. पण येथे प्रश्न एकट्या नायिकेने सोडवलेला नाही. मालिकेत ग्रामसभा, संघटना, सहकारी संस्था यांना कथानकाचे बळ जवळजवळ कधीच मिळत नाही. एकटी स्त्री सहन करते आणि एकटीच जिंकते.

समारोप

मराठी मालिकांनी सामाजिक प्रश्न उपस्थित केले, त्यांना सहानुभूती मिळवून दिली आणि बोलींना पडद्यावर जागा दिली. त्यांची मर्यादा कारणमीमांसेत आहे. व्यवस्थेतील प्रश्न व्यक्तीच्या दोषात आणि त्याचे उत्तर व्यक्तीच्या सद्गुणात शोधल्यामुळे वास्तवाचा आभास राहतो, त्याचे आकलन होत नाही. या पद्धतीचा भार अखेर पाहणाऱ्या स्त्रीवर पडतो. राधिका किंवा अरुंधती जिंकली आणि आपण जिंकू शकलो नाही, तर उणीव आपल्यातच असली पाहिजे, असा निष्कर्ष काढण्यास तिला वाव राहतो. तिच्या अपयशात बाजारभावाचा, न्यायालयाच्या अंतराचा, जातीचा आणि जमीन नावावर नसण्याचा वाटा किती, हे तिला सांगणारी कथा अद्याप लिहिली जायची आहे. तशी कथा नवेगाव बांधसारख्या गावात घडवायची झाल्यास, तलाव आणि जंगल केवळ दृश्यासाठी वापरून चालणार नाही. त्या तलावावर व त्या जंगलावर कोणाचे पोट अवलंबून आहे, येथून कथेचा प्रारंभ करावा लागेल.