चित्रपुस्तकाची कसोटी

लहान मुलांसाठी पुस्तक निवडताना आपण वडीलधारे प्रथम तात्पर्य पाहतो, मग छपाई आणि अखेरीस किंमत. शाळेच्या संग्रहासाठी पुस्तके घेताना आम्हीही वर्षानुवर्षे हेच केले. ती पुस्तके कपाटात नवीकोरी राहिली. त्यांचे ते कोरेपण हाच आमच्या निवडीवरील अभिप्राय होता, हे आम्हांस उशिरा उमगले.

आमच्या मते कसोटी निराळी हवी. आधी शब्द झाकून चित्रे पाहावीत, मग चित्रे झाकून शब्द वाचावेत. एकावाचून दुसऱ्याचे काहीच अडत नसेल, तर ते पुस्तक सचित्र खरे. पण चित्रपुस्तक नव्हे.

पॅट हचिन्स या इंग्रज लेखिकेचे 'रोझीज वॉक' (१९६८) या कसोटीस पूर्णपणे उतरते. एक कोंबडी फेरफटका मारून जेवणाच्या वेळी घरी परतते, एवढाच मजकूर; तोही एकाच वाक्याचा. तिच्या पाठीस लागलेला कोल्हा शब्दांत कोठेही नाही. तो चित्रांतच भेटतो. दंताळ्यावर आपटतो, तळ्यात पडतो, अंगावर पीठ सांडून घेतो. वाचणारे गुरुजी कोंबडीविषयीच बोलत राहतात आणि मुलांचे डोळे कोल्ह्यावर खिळलेले असतात. अक्षर न ओळखणारा श्रोता येथे वाचणाऱ्याहून अधिक जाणतो. पुस्तकाची खरी मोहिनी रंगांपेक्षा मुलाला मिळालेल्या या मानात आहे.

एरिक कार्ल यांच्या खादाड सुरवंटाच्या पुस्तकात (१९६९) फळांच्या चित्रांना आरपार भोके आहेत. मूल त्यांत बोट घालून कथा पुढे नेते. मराठीत माधुरी पुरंदरे यांच्या अनेक पुस्तकांत लेखणी व कुंचला एकाच हाती आहेत. म्हणून शब्दांनी कोठे थांबावे, याचे भान तेथे आढळते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणांस हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. आपल्या पुष्कळ मुलांची शाळेची भाषा दुसरीच असते; मराठी उरते ती घरात आणि मांडीवर. परभाषेतील चित्रपुस्तकही मांडीवर मराठीतून सांगता येते. "अहो, मागे कोल्हा आहे!" असे मूल ओरडते, तेव्हा ते वाक्य त्यास कोणी पढविलेले नसते; ते त्याचे स्वतःचे मराठी असते. अशा क्षणी बोध विचारू नये. पान उलटण्याची घाई न करता ऐकावे, एवढेच आपले काम.