हिऱ्याची तलवार

एका खेळाच्या करारावर कादंबरीकाराने टीकालेख लिहावा, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. पण वर्गातली मुले ‘माइनक्राफ्ट’मध्ये रमतात, तेव्हा मास्तरांनी त्याचा करार एकदा तरी वाचावा, म्हणून मी तो वाचला.

स्टॉकहोमच्या मोजांग कंपनीचा हा खेळ कोणाही हौशी माणसाला स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतो. किल्ले आपले, कायदे आपले. काही सर्व्हरवाले पुढे पैसे घेऊन सरस तलवारी विकू लागले. तेव्हा जून २०१४ मध्ये कंपनीने खुलासा केला : प्रवेशाचे पैसे घ्या, देणगी घ्या, शोभेच्या टोप्या विका, पण पैसे देणाऱ्याला खेळात वरचढ करील असे काही विकू नका. १ ऑगस्टपर्यंत मुदत दिली. सर्व्हरचे भाडे भरायचे कोठून, असा गिल्ला झाला. तो अगदीच पोकळ नव्हता. तरी माझे मत कंपनीच्या बाजूचे. सावकाराच्या मुलाला कबड्डीत दोनदा बाद होण्याची सवलत कोणी देते काय?

मला खटकते ते निराळेच. मूळ खेळात भर घालणारा ‘मॉड’ तुम्ही स्वतः रचलात, तर तो तुमचा, असे करार म्हणतो. आणि लगेच, तो विकू नका, असेही बजावतो. म्हणजे हस्तलिखित माझे, पण प्रत विकायची नाही! पाया दुसऱ्याचा आहे, हे मान्य. परंतु टोपी विकणाऱ्या सर्व्हरवाल्याचा पाया तरी कोणाचा असतो?