क्षमा कोणाची?

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या 'स्ट्रेंग्थ टू लव्ह' (१९६३) या प्रवचनसंग्रहातले शत्रुप्रेम वाचताना मी प्रथम चिडलो. सोसणाऱ्यालाच क्षमेचा उपदेश! पण हे शब्द माँटगोमेरीच्या लढ्यापासून तोडून वाचता येत नाहीत. ३० जानेवारी १९५६ ला किंग यांच्या घरावर बाँब पडला. संतप्त जमावाला त्यांनी शत्रूवर प्रेम करायला सांगितले. बसवरचा बहिष्कार मात्र एकूण ३८१ दिवस चालला. त्यांनी द्वेष सोडला, हक्क नाही. महाडला १९२७ साली हल्ल्यानंतर बाबासाहेबांनीही आपल्या माणसांना आवरले आणि तळ्याचा दावा १९३७ पर्यंत लढवला. म्हणून किंग यांची क्षमा मला लाचारी वाटत नाही. मात्र ती देण्याचा अधिकार सोसणाऱ्याचाच. तिचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी अन्याय थांबवावा.