झाशीचे दोन कागद: युक्तिवादाची शब्दावली वाचताना

१. पाठाचा विषय

युक्तिवादाची शब्दावली म्हटले की बहुतेक विद्यार्थ्यांना जोडशब्दांची यादी आठवते: म्हणून, तथापि, परिणामी, याउलट, सारांश. ही यादी परीक्षेपुरती पाठ होते आणि निबंधात जागोजागी पेरली जाते. मी झाशीत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना लेखन आणि संवाद शिकवतो. उत्तरपत्रिकांत असे परिच्छेद नेहमी दिसतात, ज्यांत 'म्हणून' चार वेळा येते, पण एकाही 'म्हणून'च्या आधी कारण नसते.

युक्तिवादाची खरी शब्दावली म्हणजे त्याच्या पायऱ्यांची नावे. जिला आपण नाव देऊ शकत नाही, ती पायरी आपल्याकडून गळते. हे या पाठात एका खऱ्या वादाच्या आधारे पाहू. झाशी देणार नाही, हे राणी लक्ष्मीबाईंचे म्हणून सांगितले जाणारे वाक्य सर्वांना माहीत असते. ते वाक्य म्हणजे निर्धार आहे, त्यात युक्तिवाद नाही. युक्तिवाद त्यांनी गव्हर्नर जनरल डलहौसी यांना पाठवलेल्या खलित्यांत आहे, आणि ते फार थोडे जण वाचतात.

२. पार्श्वभूमी

झाशीचे राजे गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी नेवाळकर घराण्यातला पाच वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तोच दामोदरराव. कंपनी सरकारने या दत्तकाला गादीचा वारस मानावे, अशी राणीची मागणी होती. त्यासाठी ३ डिसेंबर १८५३ आणि १६ फेब्रुवारी १८५४ रोजी खलिते लिहिले गेले. डलहौसी यांचा निर्णयाचा कागद २७ फेब्रुवारी १८५४ चा आहे. त्याला खलित्याचे उत्तर समजू नये. एकाच प्रश्नावरच्या दोन बाजू म्हणून हे कागद शेजारी ठेवून वाचावेत.

३. पाच पायऱ्यांची नावे

न्यायशास्त्रात अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. रोजच्या मराठीत प्रतिज्ञा म्हणजे शपथ आणि हेतू म्हणजे मनातला उद्देश. इथे मात्र प्रतिज्ञा म्हणजे सिद्ध करायचे विधान आणि हेतू म्हणजे त्यामागचे कारण. नेहमीचे उदाहरण असे: डोंगरावर आग आहे (प्रतिज्ञा), कारण तिथे धूर दिसतो (हेतू). जिथे धूर असतो तिथे आग असते, जशी स्वयंपाकघरात (उदाहरण). या डोंगरावरचा धूरही तसाच आहे (उपनय). म्हणून डोंगरावर आग आहे (निगमन).

यातली चौथी पायरी नीट लक्षात ठेवा. अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर प्रयोगशाळेत सळीचा एक नमुना चाचणीत टिकला, एवढ्याने बांधकामावरच्या सळ्या चांगल्या ठरत नाहीत. त्या त्याच घाणीच्या आहेत, हे वेगळे दाखवावे लागते. ते दाखवणे म्हणजे उपनय.

४. राणीची बाजू

खलित्यांतला सर्वांत भक्कम भाग शब्दांच्या अर्थावर उभा आहे. १८१७ च्या तहाने कंपनीने रामचंद्रराव आणि त्यांचे वारस व उत्तराधिकारी यांचा झाशीवरचा वंशपरंपरागत हक्क मान्य केला होता. फारसी मजकुरात त्यासाठी 'वारिसान' आणि 'जानशीनान' असे दोन शब्द होते. १६ फेब्रुवारीच्या खलित्याचे म्हणणे असे की हे शब्द समानार्थी नाहीत. वारिस म्हणजे रक्ताचा वारस, मग तो पोटचा असो वा भाऊबंदांपैकी. जानशीन म्हणजे जागेवर बसणारा. रक्ताचा वारस नसेल तेव्हा दत्तक येतो तो या दुसऱ्या शब्दाखाली. तहाचा प्रत्येक शब्द पारखून घातलेला असतो. मग दुसरा शब्द अर्थ नसताना घातला, असे कसे मानायचे?

ही उत्तम मांडणी आहे. इथे शब्द हाच पुरावा आहे, आणि तो कागद कंपनीने स्वतः मान्य केलेला आहे. प्रतिपक्षाला आधीच मान्य असलेल्या गोष्टीपासून सुरुवात करणे हा मन वळवणाऱ्या लेखनाचा पहिला नियम. तो इथे पाळलेला दिसतो.

यापुढे पूर्वदाखले येतात. दतिया, ओरछा आणि जालौन या बुंदेलखंडातल्याच संस्थानांत दत्तक मान्य झाले होते. हे झाले उदाहरण. उपनय मात्र तोकडा पडला आहे. झाशी या तिघांसारखीच आहे, हे खलित्यांनी धरून चालले आहे, दाखवलेले नाही. दतिया आणि ओरछा ही बुंदेल्यांची जुनी राज्ये. झाशी पेशव्यांच्या सुभेदारीतून उभी राहिलेली. माझ्या मते जालौन हा सर्वांत जवळचा दाखला होता, कारण तेही पेशव्यांच्या सरदारांचे मराठी संस्थान होते. तो इतरांच्या रांगेत न ठेवता आधी आणि सविस्तर मांडायला हवा होता. अर्थात त्याला एक अडचण होती. तेच जालौन पुढे १८४० मध्ये कंपनीने खालसा केले होते. चांगला युक्तिवाद अशी अडचण स्वतःहून सांगतो आणि तिचे उत्तरही देतो. मराठीत त्यासाठी 'हे मान्य, परंतु' अशी साधी शब्दयोजना आहे.

दुसरी उणीव सुराची. शिवराव भाऊंनी कंपनीला केलेल्या मदतीची आठवण खलित्यांत आहे. त्या काळच्या पत्रव्यवहाराची ती रीत होती. तरी हक्क आणि कृपा हे दोन वेगळे पाये आहेत. हक्क मागणारा कृपेचीही याचना करू लागला, की निर्णय देणाऱ्याला सोयीचा पाया निवडता येतो.

५. डलहौसींची बाजू

डलहौसींनी नेमका उपनयावर घाव घातला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: झाशीचे राजे मुळात पेशव्यांचे सुभेदार. पेशव्यांचे हक्क १८१७ मध्ये कंपनीकडे आले. म्हणून झाशी हे स्वतंत्र राज्य नसून आश्रित संस्थान आहे, आणि अशा ठिकाणी वरिष्ठ सत्तेच्या संमतीवाचून दत्तकाला राज्य मिळत नाही. या चालीला आपण 'भेद दाखवणे' म्हणतो. तुमचे उदाहरण खरे आहे, पण तुमचे प्रकरण त्या जातीचे नाही. तहात काय लिहिले आहे, हा प्रश्न त्यांनी झाशी कोणत्या वर्गात बसते, या प्रश्नाने झाकला.

त्यांच्याही मांडणीत दोष आहेत. त्यांनी १८३५ चा दाखला दिला. रामचंद्रराव वारले तेव्हा दत्तकाचा दावा नाकारला गेला होता. पण त्या वेळी रामचंद्ररावांचे चुलते रघुनाथराव हयात होते आणि गादी त्यांना मिळाली. म्हणजे तेव्हाचा प्रश्न दोन दावेदारांतला होता. राज्य टिकावे की नाही, हा नव्हता. इथे डलहौसींचा स्वतःचा उपनय लंगडा आहे.

दुसरा दोष मोठा आहे. झाशी ब्रिटिश जिल्ह्यांच्या मधोमध आहे, ती ताब्यात आल्यास कारभार सुधारेल आणि रयतेचेही भले होईल, असेही हा कागद म्हणतो. हा सोयीचा मुद्दा हक्काच्या प्रश्नात 'शिवाय' म्हणून शिरला आहे. कुठल्याही कागदात 'शिवाय' दिसले की थांबून पाहावे: पुढचा मुद्दा आधीच्याच प्रश्नाचे उत्तर देतो, की प्रश्नच बदलतो?

६. मूल्यमापन

झाशी खालसा झाली. राणीचा युक्तिवाद कमी पडला म्हणून हे घडले, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. निकाल देणाराच लाभार्थी होता. अशा ठिकाणी उत्तम उपनयही निकाल बदलेलच असे नाही, हे मान्य करायला हवे. म्हणून युक्तिवादाचा कस दोन ठिकाणी लावावा: तो समोरच्याला पटला का, आणि तिसऱ्या माणसाने नंतर वाचला तर टिकतो का. पहिल्या कसोटीवर खलिते हरले. दुसऱ्या कसोटीवर तहाच्या शब्दांचा मुद्दा आजही उभा आहे. पुढे १८६२ मध्ये कॅनिंग यांनी संस्थानिकांना दत्तकाचा हक्क मान्य करणाऱ्या सनदा दिल्या. झाशीसाठी तेव्हा उशीर झाला होता.

७. आपल्या लेखनासाठी

हजेरी कमी भरल्याने परीक्षेला बसू न दिलेला विद्यार्थी अर्ज लिहितो: 'गेल्या वर्षी एकाला सवलत मिळाली होती, म्हणून मलाही मिळावी.' यात प्रतिज्ञा आहे, उदाहरण आहे, निगमनही आहे. हेतू नाही आणि उपनयही नाही. त्या विद्यार्थ्याला सवलत आजारपणामुळे मिळाली होती का? तुमचे कारण तसेच आहे का? नियमात कोणता शब्द आहे? आधी नियमाचा शब्द, मग दाखला, मग 'माझे प्रकरण तसेच आहे, कारण...' असा क्रम ठेवा. एवढे साधले तर 'तथापि' एकदाही न लिहिता अर्ज भक्कम होईल.

स्वाध्याय

१. राणीच्या बाजूचे पाच अवयव प्रत्येकी एका वाक्यात लिहा. उपनयासाठी फक्त जालौनचा दाखला वापरा आणि १८४० च्या अडचणीचे उत्तर द्या.
२. डलहौसींच्या बाजूतील हक्काचे मुद्दे आणि सोयीचे मुद्दे वेगळे करा.
३. तुमच्या महाविद्यालयाच्या नियमपुस्तिकेतील एक नियम घ्या. त्यात समानार्थी वाटणारे दोन शब्द शोधा. त्यांचे अर्थ खरोखर वेगळे आहेत का, यावर दहा ओळी लिहा.