रोझालीस कोणी फसविले?

थॉमस मान ह्या थोर जर्मन कादंबरीकाराची ‘दी बेट्रोगेने’ ही दीर्घकथा १९५३ साली प्रसिद्ध झाली, आणि पुढल्याच वर्षी विलर्ड ट्रास्क ह्यांचे ‘द ब्लॅक स्वॉन’ ह्या नावाचे तिचे इंग्रजी भाषांतर निघाले. मूळ नावाचा अर्थ ‘फसविली गेलेली’ असा आहे. इंग्रजी नावात त्या जागी कथेतला काळा हंस येऊन बसला, व मूळ नावाने वाचकाच्या मनात जो प्रश्न उभा राहतो तो नाहीसा झाला. ग्रंथकाराची ही शेवटची पुरी झालेली कथा. परंतु त्यांच्या मोठ्या कादंबऱ्यांशेजारून ती सहसा कोणी काढून वाचीत नाही, आणि वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांस ती किळसवाणी वाटली आहे. तिचा विषय आहे पन्नाशीतल्या स्त्रीचा ऋतू बंद होणे. ह्याच लेखणीने केलेली क्षयाची, पटकीची व वेडाची वर्णने जे चवीने वाचतात, त्यांनी नेमके येथेच नाक का मुरडावे, हे आम्हांस समजत नाही.

कथानक थोडक्यात असे. पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात ऱ्हाईनकाठच्या ड्युसेलडॉर्फ शहरी रोझाली फॉन ट्यूमलर ही लष्करी अधिकाऱ्याची विधवा आपल्या दोन मुलांसह राहते. तिचे सृष्टीवर निरतिशय प्रेम. पन्नाशीला तिचा ऋतू थांबत येतो. बेचैनी, डोकेदुखी, उदासपणा, चिडचीड ह्यांनी ती हैराण होते, आणि सृष्टीने आपणांस घराबाहेर काढले असे तिला वाटू लागते. मुलाला इंग्रजी शिकवावयास येणारा केन कीटन हा चोवीस वर्षांचा अमेरिकन. त्याच्यावर तिचे मन जडते. मग एके दिवशी स्राव पुन्हा सुरू होतो. हा सृष्टीचा प्रसादच, असे मानून रोझाली आनंदाने वेडी होते, मोठ्या अभिमानाने आपल्या मुलीस, अ‍ॅनास, ते सांगते. डॉक्टरकडे मात्र जात नाही. केनच्या खोलीवर जाण्याचे ठरते त्याच रात्री ती रक्तात बेशुद्ध पडलेली सापडते. प्रसाद म्हणून जो मानला तो कर्करोग होता.

एवढेच असते तर ही एक क्रूर थट्टा झाली असती. परंतु प्रारंभीच एक प्रसंग आहे. मायलेकी फिरावयास गेल्या असता कस्तुरीसारखा सुगंध येतो. रोझाली मोहून जाते. शोध घेता तो एका कुजक्या ढिगातून, मेलेल्या जनावराच्या अंगावरून येत असतो. ही खूण लेखकाने वाचकासाठी ठेविली आहे. रोझाली मात्र तिच्याजवळून निघून जाते, आणि कथेतला सारा करुणरस ह्या दोघांच्या जाणिवेतल्या अंतरातून झिरपतो.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर मुथेसियस आपल्या साहाय्यकास जे सांगतात ते वैद्यकदृष्ट्याही विचारात घेण्याजोगे आहे. त्यांच्या मते रोगाचा उगम गर्भाशयात नसून बीजकोशात आहे. तेथील पेशी बिघडून इस्ट्रोजेन ह्या अंतःस्रावाचा शरीरात पूर आला, त्याने गर्भाशयाचे अस्तर वाढले, व ते वाढलेले अस्तर स्रवू लागले. हे वाचून एखादा घाईचा टीकाकार म्हणेल, ‘मग प्रेमही त्या गाठीचेच!’ आम्ही असे म्हणणार नाही. गाठ आधी की प्रेम आधी, हे लेखकाने जाणूनबुजून मोघम ठेविले आहे. पन्नाशीच्या बाईचा राग, रुसवा, रडे किंवा हौस, सारे काही ‘तिचे ते वय आहे’ ह्या एका वाक्यात गुंडाळून ठेवण्याची जी सवय घराघरांत दिसते, तिला ह्या कथेत थारा नाही. अंतःस्राव मनास हलवितात हे खरे. पण त्यामुळे मनाचे म्हणणे खोटे ठरत नाही.

ह्या कथेची खरी किंमत कळावयास तिच्याशेजारी दुसरे एक पुस्तक ठेवावे लागते. १९६६ साली न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट विल्सन ह्यांनी ‘फेमिनाइन फॉरएव्हर’ हा ग्रंथ लिहिला व तो अमेरिकेत धडाक्याने खपला. मधुमेह्यास जसे इन्सुलिन तसे स्त्रीस आजन्म इस्ट्रोजेन, हा त्याचा सिद्धान्त. रजोनिवृत्ती हा न्यूनतेचा रोग आहे, आणि औषध न घेणारी स्त्री म्हणजे संसाराला भार! (त्यांच्या कार्यास औषध-उत्पादकांचे द्रव्यसाहाय्य होते, हे पुढे उघडकीस आले.) आमच्या भाषेने ह्या अवस्थेस ‘निवृत्ती’ हा केवढा अदबीचा शब्द दिला आहे! विल्सनसाहेबांची भाषा मात्र मोडक्या यंत्राची आहे. आणि जे नऊ वर्षांनी घडले ते पाहून तर अंगावर काटा येतो. १९७५ च्या डिसेंबरात दोन अमेरिकन निबंधांनी दाखविले की, नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कित्येक पट अधिक होतो. अस्तर वाढविणारे इस्ट्रोजेन, आणि त्यास आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन मात्र नाही; म्हणजे डॉ. मुथेसियस ज्या पुराविषयी बोलतात तोच पूर येथे गोळीच्या रूपाने आला. विल्सन ह्यांनी रोझालीचे स्वप्नच विकले, फक्त शेवटचे प्रकरण गाळून.

त्यानंतर गर्भाशय असलेल्या स्त्रीस दोन्ही द्रव्ये जोडीने देण्याची रीत पडली. २००२ च्या जुलैत १६,६०८ स्त्रियांवरील मोठा अमेरिकन प्रयोग स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसल्यावरून मध्येच थांबविण्यात आला, आणि ह्या औषधांविषयी सर्वत्र धास्ती पसरली. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, ही गोष्ट मात्र त्या गोंधळात मागे पडली. आज पन्नाशीच्या आसपास, अंगाची आग व रात्रीचा घाम असह्य झाल्यास, प्रकृती पाहून ती देतात. अमृतही नव्हे नि विषही नव्हे, इतका साधा निर्णय हाती येण्यास चार तपे लागली.

आमच्या घरांतून ह्या विषयी मौन असते. ‘पाळी गेली’ एवढे दोन शब्द, तेही हलक्या आवाजात. भारतीय स्त्रीस ही अवस्था पाश्चात्त्य स्त्रीहून काही वर्षे लवकर, साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी येते. म्हणजे ऐन संसाराच्या धबडग्यात. पूर्ण एक वर्ष ऋतू बंद राहिल्यानंतर पुन्हा रक्त दिसले तर तपासणी करून घ्यावी, हे किती गृहिणींस कोणी सांगितलेले असते? कारण बहुधा साधेच निघते, पण ते तपासल्यावाचून कळत नाही. रोझाली हर्षाने गेली नाही, आमच्याकडील बाई लाजेने जात नाही. रोझालीस सृष्टीने फसविले असे आम्ही म्हणणार नाही; तिच्या देहाविषयी काव्य तिला मिळाले, माहिती कोणी दिली नाही.

कथेत आम्हांस एक उणीव दिसते. रोझालीस सृष्टी व प्रेम ह्यांखेरीज तिसरा उद्योग नाही. व्हर्जिनिया वुल्फ ह्यांची १९२५ सालची मिसेस डॅलोवेही पन्नाशी ओलांडलेली. लग्न नि मुले होण्याचे दिवस मागे पडले, हा विचार बाँड स्ट्रीटने चालता चालता तिच्या मनात येतो, आणि ती आपल्या कामास पुढे निघते. मान ह्यांच्या नायिकेस असे पुढे जाण्यास रस्ताच ठेविलेला नाही.

तरीही शेवटच्या पानांवर लेखक तिला जो बोलण्याचा हक्क देतो तो विरळाच. मरणशय्येवरची रोझाली अ‍ॅनास सांगते की, सृष्टीच्या क्रौर्याविषयी व फसवणुकीविषयी बोलू नकोस. मरणावाचून वसंत कसा येईल, आणि मरणाने माझ्याकडे प्रेमाचे रूप घेऊन यावे ही त्या सृष्टीची कृपाच. डॉक्टरांचे निदान तिच्या बोलण्याने खोटे पडत नाही. पण लेखकाने कथेस जे नाव दिले, ते त्याच्या नायिकेस मान्य नाही.