आजीबाईंना दिलेले उत्तर
पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारातील ख्रिस्ती बोधाचा प्रश्न

पंडिता रमाबाई आणि वाँटेज येथील सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला व महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो १९७७ साली प्रसिद्ध केला. तेव्हापासून चरित्रकारांनी आणि वसाहतकाळाच्या अभ्यासकांनी त्याचा पुष्कळ उपयोग करून घेतला आहे. एका बाजूस स्वतंत्र बाण्याची विदुषी व दुसऱ्या बाजूस साम्राज्याच्या छायेत वावरणारी धर्मसंस्था, असे त्याचे चित्र आता रूढ झाले आहे. हे चित्र खोटे नाही. परंतु त्यात एक गोष्ट हरवते. या दोघी ज्या प्रश्नावर भांडतात तो त्यांच्या समान श्रद्धेच्या आतला प्रश्न आहे. सहधर्मीयाचा दोष त्याला दाखविणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य होय, हे दोघींनाही मान्य आहे. दाखविलेल्या दोषाला उत्तर देता येते की नाही, एवढाच वाद आहे. या दृष्टीने ही पत्रे वाचली असता त्यांचे वाङ्मयीन स्वरूपही अधिक स्पष्ट होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या कर्तव्याची परंपरा थोडक्यात ध्यानी घेतली पाहिजे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात तिचा क्रम दिलेला आहे : प्रथम एकांतात, मग एक-दोन साक्षीदारांसह, आणि तेवढ्यानेही न भागल्यास मंडळीपुढे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलाने दोष काढणाऱ्यावरच दोन बंधने घातली आहेत. त्याने सौम्यतेने बोलावे व स्वतःकडेही पाहावे. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मात्र पौलाने अंत्युखिया येथे पेत्राला सर्वांसमक्ष बोल लावल्याचा वृत्तान्त आहे. धाकट्या प्रेषिताने थोरल्याला असे बोलावे, हे पुढील भाष्यकारांना अवघड वाटले. तो प्रसंग म्हणजे दोघांनी संगनमताने केलेले सोंग होते, असा अर्थ जेरोमने लावला. ऑगस्टीनला हे मुळीच मान्य झाले नाही. बोल खरा होता व दोषही खरा होता, असे त्याने जेरोमला लिहून कळविले. आणि पौलाच्या स्पष्टोक्तीपेक्षा पेत्राने धाकट्याचा बोल नम्रपणे सोसला हे अधिक दुर्मिळ उदाहरण होय, असेही त्याने म्हटले. मठजीवनात या कर्तव्याला नियमाचे रूप आले. बेनेडिक्टच्या नियमावलीत अपराध्याला प्रथम दोन वेळा खाजगीत समज देण्याची व नंतर उघड बोलण्याची तरतूद आहे. परंतु त्याच नियमावलीत महत्त्वाच्या कामी मठाधिपतीने सर्वांचा सल्ला घ्यावा असेही सांगितले आहे, कारण अधिक चांगले ते ईश्वर पुष्कळदा धाकट्यालाच सुचवितो.

म्हणजे बोध वरून खाली वाहतो तसा खालून वरही वाहू शकतो, हे परंपरेने मानलेले आहे. वाँटेजच्या पत्रांत नेमके हेच नाकारले गेले.

रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या व वाँटेजच्या सेंट मेरी भगिनीसंघाच्या आश्रयास राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. १८८४ पासून रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकू व संस्कृत शिकवू लागल्या, आणि तोंडी चालू असलेला बोध साहजिकच कागदावर उतरला. वाँटेजचा संघ १८४८ साली स्थापन झालेला, व्रतबद्ध भगिनींचा. अशा संघात दोष दाखविणे व दोष कबूल करणे हा नित्याचा परिपाठ असतो. ज्येष्ठेने दाखविलेल्या दोषाचे समर्थन करू पाहणे हा तेथे दुसरा दोष ठरतो. आणि ज्यांनी आज्ञापालनाचे व्रत स्वेच्छेने घेतले त्यांच्यापुरते ते योग्यही असेल. रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला होता, व्रत घेतले नव्हते. सिस्टर जेराल्डीन यांनी मठाचा नियम मठाबाहेरच्या स्त्रीला लावला. आमच्या मते सगळ्या गैरसमजाचे मूळ येथे आहे; वंश आणि राज्य यांचा अहंकार त्यावर नंतर वाढला.

आरोप कोणते होते? अभिमान, स्वेच्छाचार, जातीच्या पूर्वग्रहांना चिकटून राहणे. रमाबाई शाकाहारी होत्या आणि अंडी घातलेली पुडिंगेही त्यांना चालत नसत. हा बाप्तिस्म्यानंतरही उरलेला जातीचा अवशेष होय, असे सिस्टर जेराल्डीन यांना वाटे. यावर रमाबाईंनी दिलेले उत्तर या संग्रहातील सर्वांत वाचनीय गद्य आहे. आपले पूर्वग्रह अजून पुरते गेलेले नाहीत हे त्या प्रथमच कबूल करतात. मग, अभिमान शोधावयाचाच असेल तर तो पुडिंगात शोधा, लोण्यात, दुधात, भातात शोधा, बुटांत आणि मोज्यांत शोधा, फार काय, आपण रोज जाळतो त्या ढीगभर कोळशातही शोधा, असे त्या लिहितात. पुढे त्या जागांची अदलाबदल करतात : एखादी इंग्रज बाई हिंदू लोकांत राहिली, शेजाऱ्याला ज्याचा उपद्रव नाही अशा आपल्या चालीरीती तिने सोडल्या नाहीत, आणि तेवढ्यावरून तिला कोणी गर्विष्ठ म्हटले, तर तिला ते कसे वाटेल? हिंदू म्हणवून घेणे आपल्याला आवडते, कारण आपण हिंदू आहोत, हेही त्या त्याच ओघात सांगून टाकतात.

या उत्तराची घडण पाहण्यासारखी आहे. आरोप आधी पूर्णपणे मांडावयाचा, त्यातला मान्य भाग मान्य करावयाचा, आणि उरलेल्या भागाला त्याच्याच तर्काने शेवटास न्यावयाचे, ही रीत इंग्रज पत्रलेखनातून आलेली दिसत नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्येच्या अंगवळणी पडलेली पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची ती रीत आहे. भाषा नवशिकी इंग्रजी, पण वाद शास्त्र्याचा. सिस्टर जेराल्डीन यांना ही शैली उद्धट वाटली याचे नवल नाही. ज्या परंपरेत प्रतिपक्षाला सविस्तर उत्तर देणे हा त्याचा आदर करण्याचा मार्ग आहे, ती त्यांना अपरिचित होती.

क्रुसाचे प्रकरणही असेच आहे. रमाबाईंच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत ही कल्पना त्यांना रुचली नाही. आपल्याला न समजणारी भाषा कशासाठी? ब्राह्मणांना संस्कृतविषयी जे वाटते तेच तुम्हाला लॅटिनविषयी वाटते काय, असे त्या विचारतात, आणि लॅटिनऐवजी संस्कृत सुचवितात. वरवर पाहता हा एका दागिन्यावरील लेखाचा किरकोळ वाद. परंतु येथे बोधाची दिशा फिरलेली आहे. जातीचा अवशेष बाळगल्याचा ज्यांनी आरोप केला त्यांच्याच घरात देवभाषेचा अवशेष आहे, हे त्या दाखवून देतात. अंत्युखियाच्या प्रसंगाशी या प्रश्नाचे नाते उघड आहे. तेथेही प्रश्न जेवणाच्या पंक्तीचाच होता, आणि दोष काढणारा धाकटाच होता.

चेल्टनहॅमला असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, या प्रश्नात मुंबई व लाहोर येथील बिशपांनी लक्ष घातले. अशा अध्यापनाने स्वदेशातील स्त्रियांवरील त्यांचा प्रभाव नष्ट होईल, असे या धर्माध्यक्षांचे मत पडले. आपल्या वडिलांनी वा पतीने ज्याला कधी हरकत घेतली नाही त्याला परक्यांनी हरकत घ्यावी, याचे रमाबाईंना आश्चर्य वाटले. शिवाय हे सगळे त्यांच्याविषयी चालले होते, त्यांच्याशी नव्हे. मत्तयातील क्रम उलटा झाला होता. १८८५ च्या मे महिन्यातील पत्रांत त्यांनी आपली भूमिका निःसंदिग्धपणे मांडली. आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे. आपण ख्रिस्ताच्या मंडळीचे घटक आहोत, पण पाद्री व बिशप यांच्या मुखातून पडणारा प्रत्येक शब्द स्वीकारण्यास बांधलेले नाही. भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने नुकतेच उतरविल्यावर तसलेच दुसरे मानेवर घेण्याची आपली तयारी नाही. ही वाक्ये आज वारंवार उद्धृत होतात, पण ती बहुधा आज्ञाभंगाची घोषणा म्हणून. पत्रात ती तशी येत नाहीत. देवाची आज्ञा पाळावयाची म्हणूनच माणसाची आज्ञा तपासून घ्यावयाची, असा तेथील युक्तिवाद आहे.

सिस्टर जेराल्डीन यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे, आणि ते फारसे कोणी बोलत नाही. आपल्या धर्मकन्येने ज्या श्रद्धेची कबुली देऊन बाप्तिस्मा घेतला, त्या श्रद्धेतील त्रैक्यासारखे मूळ सिद्धान्त ती पुढे दोन वर्षांतच शंकास्पद मानते, हे पाहून धर्ममातेला फसविले गेल्यासारखे वाटले तर तिला केवळ हटवादी म्हणून चालणार नाही. मनोरमेला काय शिकवावे, यावरून झालेल्या वादात तर दोन्हीकडे खरी व्यथा आहे. त्यांची चूक चिंतेत नव्हती. रमाबाईंचे प्रत्येक उत्तर हा मूळ आरोपाचा नवा पुरावा आहे, असे त्यांनी धरले, ही त्यांची चूक. अभिमानाच्या आरोपाला उत्तर दिले की तो अभिमान. न दिले तर कबुली. असा बोध कितीही सद्भावनेने केलेला असला तरी त्यातून बाहेर पडावयास वाट राहत नाही. चेल्टनहॅमच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी हे ओळखले होते. रमाबाईंना ख्रिस्ती धर्माचा अभ्यास तत्त्वज्ञान म्हणूनही करू दिला पाहिजे, असे त्यांचे मत होते, आणि शंकांना त्या शंका म्हणूनच उत्तरे देत.

सोनारानेच कान टोचावे, अशी आपल्याकडे म्हण आहे. रमाबाईंच्या बाबतीत सोनार कोण, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. आपल्याला ख्रिस्ताकडे वळविण्याचे सामर्थ्य फादर नेहेम्या गोरे यांच्याखेरीज इतर कोणात नव्हते. त्यांचा नम्र, गोड आवाज काळजाला भिडला, अशा आशयाचे त्या लिहितात. नीळकंठशास्त्री गोरे हे काशीचे पंडित, १८४८ साली ख्रिस्ती झालेले. वादात ते कोणाला हार जाणारे नव्हते, आणि मतांनी तर वाँटेजइतकेच कर्मठ होते. सिद्धान्त तोच असता एकाचा बोल टोचतो व दुसऱ्याचा बोचतो, याचे कारण तेही शास्त्री होते एवढ्यानेच संपत नाही. गोरे स्वतः दीर्घकाळ शंकांनी पोळलेले होते. पौलाने घातलेले दुसरे बंधन, स्वतःकडे पाहण्याचे, त्यांना वेगळे शिकावे लागले नसावे.

येथे एक विलक्षण विरोधाभास नोंदविला पाहिजे. रमाबाईंच्या मनावर ख्रिस्ती धर्माचा खोल ठसा उमटला तो याच वाँटेज संघाच्या एका कार्यामुळे. संघाच्या भगिनी पतित म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी फुलहॅम येथे काम करीत. ते काम रमाबाईंना दाखविण्यात आले. या स्त्रियांशी इतक्या ममतेने वागण्याचे कारण त्यांनी विचारले, तेव्हा योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविण्यात आली. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. त्या कथेतील विहिरीवरची स्त्री येशूच्या शब्दाला शब्द देते. तिच्या पाच पतींची गोष्ट तो काढतो, आणि ती लगेच उपासनेचे खरे स्थान कोणते, डोंगर की यरुशलेम, असा धर्मशास्त्रीय वाद पुढे करते. भाष्यकारांपैकी कित्येकांना ही तिची पळवाट वाटते. येशूला तशी वाटत नाही. तो त्या प्रश्नाचे उत्तर देतो, तेही सविस्तर. तिचा दोष लपविला जात नाही आणि तिचा प्रश्नही दोषात मोजला जात नाही. ही कथा ज्या संघाने रमाबाईंना वाचून दाखविली, त्याच संघातील त्यांच्या धर्ममातेला त्यांचे प्रश्न ऐकताना तिची आठवण झाली नाही.

सैद्धान्तिक मुद्द्यांवर पुढे रमाबाई बदलल्या. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगले की आपण ख्रिस्ती धर्म मिळविला होता, ख्रिस्त मिळविला नव्हता, असे त्याच आत्मनिवेदनात त्या सांगतात. हॅसलम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाच्या एका पुस्तकाचा या स्थित्यंतरात भाग होता. म्हणजे १८८५ साली ज्याबद्दल त्यांना बोल लावण्यात आला, त्यातली उणीव त्यांनी मान्य केली. परंतु वाँटेजने जे मागितले होते ते, म्हणजे धर्माधिकाऱ्यापुढची शरणागती, त्यांनी तेव्हाही दिली नाही आणि केडगावला मुक्ती सदन उभे केल्यावरही दिली नाही. बोध पोहोचला, पण सहा वर्षांनी, दुसऱ्याच वाटेने. यावरून सिस्टर जेराल्डीन यांचे मूळ म्हणणे खरे ठरले असे कोणी म्हणेल. तसे म्हणताना त्यांनी उणीव एका ठिकाणी दाखविली आणि ती सापडली दुसऱ्या ठिकाणी, हे विसरता कामा नये. त्या अभिमान म्हणत होत्या. रमाबाईंना आढळला तो अनुभवाचा अभाव.

शेवटी संबोधनाविषयी. रमाबाई या पत्रांत सिस्टर जेराल्डीन यांना ‘आजीबाई’ म्हणून हाक मारतात. इंग्रजी पत्रात हा मराठी शब्द रोमन अक्षरांत मोठा विजोड दिसतो, आणि अभ्यासकांनी त्याकडे लाडाचे नाव म्हणूनच पाहिले आहे. मराठी वाचकाला त्यात आणखी काही ऐकू येते. आजीने नातीला रागवावे हे घरोघरी चालते, आणि नातीने तिला उलटून बोलावे हेही चालते. आईला जे खपत नाही ते आजीला खपते. धर्ममाता या पदातील आज्ञेचा अधिकार बाजूस ठेवून रमाबाईंनी आपल्या घरातील असे एक नाते निवडले, की ज्यात उत्तर देणे हा अपराध ठरत नाही. सिस्टर जेराल्डीन यांना या शब्दातील ही सवलत कळली होती असे त्यांच्या उत्तरांवरून दिसत नाही. मात्र हा संग्रह मुळात जुळवून ठेवला तो त्यांनीच. पुडिंगाचे आणि कोळशाचे ते पत्र फाडून टाकणे त्यांच्या हाती होते. ते त्यांनी इतर पत्रांबरोबर, आपल्या स्वतःच्या कठोर पत्रांशेजारी, जपून ठेवले.